कणखर कप्तान टोनी अ‍ॅडम्स

घरात मुलं फुटबॉलच्या मॅचेस बघत असतील, तर आर्सेनलचं नाव तुमच्या कानावरून गेलंच असेल. आज त्याच क्लबच्या एका जुन्या कप्तानाची गोष्ट सांगतो. ती मुलांसाठी आहे, आणि त्याहून जास्त मोठ्यांसाठी.

टोनी अ‍ॅडम्सचा जन्म १९६६ चा. सतराव्या वर्षी तो आर्सेनलच्या मुख्य संघातून खेळला, एकविसाव्या वर्षी कप्तान झाला. जागा बचावफळीच्या मधोमध. डिक्सन, बोल्ड, विंटरबर्न आणि हा, असे चौघे एका रेषेत पुढे सरकायचे. समोरचा खेळाडू ऑफसाइडमध्ये अडकला की अ‍ॅडम्सचा हात वर! असा भिडणारा गडी की पुढे इंग्लंडकडूनही तो ६६ सामने खेळला.

मैदानाबाहेर मात्र तो दारूच्या आहारी गेला होता. १९९० मध्ये कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट दारू पोटात असताना त्याने गाडी भिंतीवर घातली. डिसेंबरमध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातली निम्मी भोगून तो सुटला, पुन्हा खेळू लागला, आणि त्या मोसमात फक्त एक सामना हरून आर्सेनलने लीग जिंकली.

गोम इथेच आहे. काम नीट चाललंय, म्हणजे माणूस ठीक आहे, असं आपण धरून चालतो. करंडक येत होते, म्हणून दारूकडे बघायची गरज कुणाला वाटली नाही. आपल्याकडेही प्रमोशन होतं, घराचा हप्ता वेळेवर जातो. मग शुक्रवारच्या ‘दोन पेग’चे चार कधी झाले, हे विचारणार कोण? आणि गावाकडे कळलं तर लोक काय म्हणतील, म्हणून घरचेही झाकून नेतात.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅडम्सने दारू सोडली. सप्टेंबरमध्ये सहकाऱ्यांसमोर उभं राहून सांगितलं, मी दारुडा आहे. ड्रेसिंग रूममध्ये पिणं हीच मर्दानगी समजली जायची, तो तो काळ. त्याच सुमारास आर्सेन वेंगर प्रशिक्षक म्हणून आले आणि संघाचा आहार, सराव सगळंच बदललं. १९९८ आणि २००२ मध्ये आर्सेनलने लीग आणि एफ. ए. कप दोन्ही जिंकले. कप्तान तोच, पण आता दारूशिवाय. २००० मध्ये त्याने व्यसनात आणि मानसिक त्रासात सापडलेल्या खेळाडूंसाठी ‘स्पोर्टिंग चान्स’ ही संस्था काढली.

तुमच्या घरात किंवा मित्रमंडळींत असं कुणी असेल, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात एकदम बंद करू नये, शरीराला झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांशी बोलावं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना पैसे लागत नाहीत, आडनाव सांगावं लागत नाही. आणि घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉन हे वेगळे गट असतात. पिणारा यायला तयार नसला, तरी तुम्ही एकटे जाऊ शकता.

विषय काढायचा असेल तर सकाळी काढा, तो शुद्धीवर असताना, आणि चारचौघांत नको. पुढच्या भागात भेटू या. नमस्कार.