दहा बाय दहाच्या खोलीत घरची वाइन? आधी कायदा बघा, मग खिडकी

द्राक्षाचा हंगाम उतरणीला लागला की निफाड, दिंडोरीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका जातीचे व्हिडिओ फिरायला लागतात. बाहेरच्या देशातला कोणी माणूस जिन्याखालच्या एवढ्याशा जागेत काचेच्या बरण्या मांडून घरीच वाइन करतो. मग पोरांचे फोन. "भाऊ, व्यापाऱ्याने सोडलेला माल पडलाय, पडवीतली खोली रिकामी आहे. आपल्याला जमंल का?"

जमणं न जमणं पुढची गोष्ट. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे आणि त्यात वाइन हीसुद्धा दारूच. परवाना नसताना ती बनवणं गुन्हा आहे. विकली नाही, घरच्यांपुरतीच केली, असं म्हणून सुटका नाही. व्हिडिओतला माणूस अमेरिकेतला असेल तर त्याला मुभा आहे. तिथल्या केंद्राच्या नियमाप्रमाणे घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर वाइन घरापुरती करता येते, विकता मात्र येत नाही. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि आपल्या जिल्ह्यात वायनरी वाढल्या, पण त्या सगळ्या परवान्यावर चालतात. ज्याच्या मनात खरंच असेल त्याने एक बरणी आणायच्या आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाचं ऑफिस गाठावं.

मग खोलीचं कशाला सांगतोय? उद्या कोणी परवाना काढून लहान सुरुवात करेल, कोणाचा भाऊ-भाचा परदेशात गॅरेजमध्ये करत असेल. आणि काही जण कोणाला न विचारताच दार लावून सुरू करतात, त्यांची जास्त काळजी वाटते. व्हिडिओत बरणी दिसते, वायू दिसत नाही.

रस आंबताना यीस्ट साखर खातं. त्यातून निम्म्याच्या आसपास अल्कोहोल होतं आणि जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हिशोब करून बघा. १८ ब्रिक्सच्या एक लिटर रसातून अंदाजे ५० लिटर वायू निघतो. वीस लिटरची एक बरणी म्हणजे हजार लिटर. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच खोलीत हवा मावते २८ हजार लिटर. खोली घट्ट बंद असली तर एकाच बरणीने हवेतला वायू शंभरात साडेतीन भागांवर जातो, आणि चार भागांना जिवाला धोक्याची पातळी धरतात. कोणी शंभर लिटरचा ड्रम लावला तर विचारायलाच नको. उन्हाळ्यात यातला बहुतेक वायू पहिल्या पाच-सात दिवसांतच निघतो.

हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. जमिनीलगत बसून राहतो, वास नाही, रंग नाही. जुन्या माणसांना पेव आठवत असेल. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे, आधी कंदील सोडायचे. पण इथे दिव्यावर भरवसा नको, कारण दिवा विझायच्या कितीतरी आधी माणसाचं डोकं जड होतं, धाप लागते. म्हणून अशा खोलीला खाली, जमिनीजवळ झरोका पाहिजे. वरची खिडकी असून तेवढा उपयोग नाही. त्या खोलीत कोणी झोपायचं नाही, लेकरू खाली अंथरुणावर तर नाहीच नाही. आत कोणी पडलेलं दिसलं तर विहिरीचाच नियम: मागोमाग धावत आत शिरायचं नाही, दारं-खिडक्या सताड उघडायच्या, माणसं बोलवायची.

दुसरी अडचण ऊन. लाल वाइनचा रस २० ते ३० अंशात नीट आंबतो, पांढरीला त्याहून थंड लागतं. पारा पस्तिशीच्या पुढे गेला की यीस्ट दमतं, काम अर्धवट राहतं आणि माल बिघडतो. मार्चच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. जाड भिंतीची, उत्तरेकडची खोली बरी. बरणीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर चार-पाच अंशांचा फरक पडू शकतो.

जागा कमी असली की माणूस फळ्यांवर फळ्या चढवतो. भरलेली वीस लिटरची बरणी वीस किलोच्या वर जाते, ती कमरेइतक्या पक्क्या ओट्यावरच ठेवावी. ओट्याचा दुसरा फायदा असा की वरच्या बरणीतून खालच्या बरणीत सायफनने, आपण बॅरलमधून डिझेल काढतो तसं, गाळ न हलवता वाइन उतरवता येते. पहिल्या भांड्यात वर चौथा भाग रिकामा सोडतात, फेस येतो म्हणून. नंतरची बरणी गळ्यापर्यंत भरतात, हवा राहिली तर आंबट होते. झाकण घट्ट लावायचं नाही. झाकणातून नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं, म्हणजे वायू जातो आणि चिलटं येत नाहीत. लोणचं, सिरका त्या खोलीत नको.

भांडं काचेचं, चांगल्या स्टीलचं किंवा खाण्याच्या मालासाठीच्या प्लास्टिकचं असावं. तांबं, पितळ, लोखंड, ॲल्युमिनियम नको. आणि हात जोडून सांगतो, फवारणीच्या औषधाचा ड्रम कितीही धुतला तरी नको. आंबट रस त्याच्या भिंतीत मुरलेलं बाहेर ओढतो.

खायच्या द्राक्षाबद्दलही एक बोलून टाकतो. थॉमसन १७-१८ ब्रिक्सला तोडतात, त्यातून नऊ-दहा टक्के अल्कोहोलची पातळ वाइन निघते, ती टिकत नाही. वाइनच्या जाती २२-२४ ब्रिक्सपर्यंत वेलीवर ठेवतात. शिवाय शेवटी शेवटी गंधक मारलेलं असलं तर रसाला सडक्या अंड्याचा वास मारतो.

सोडलेल्या मालाचा नुसता रस काढून ठेवू म्हणणाऱ्यांनीही ध्यानात ठेवा. तो त्याच दिवशी ८०-८५ अंशांपर्यंत तापवून, गरम असतानाच उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत भरा. कच्चा रस कोल्ड्रिंकच्या बाटलीत बंद करून दोन दिवस बाहेर ठेवला, तर बरणीत जे होतं तेच त्या बाटलीत सुरू होतं आणि झाकण उडतं.