नावेचें सुकाणूं व लाटेवरची फळी

खानदेशांतल्या माणसास समुद्र दूरचा. त्याचें पाण्याचें ज्ञान तापी, पूर्णा, गिरणा, पांझरा या नद्यांनीं दिलेलें. जळगांवकडे चांगदेवास तापी-पूर्णेच्या संगमावर, किंवा धुळ्याकडे मुडावदास तापी-पांझरेच्या संगमावर ज्यांनीं पावसाळ्यांतलें गढूळ पाणी पाहिलें आहे, त्यांस त्याचा दरारा निराळा सांगावयास नको. आमच्या लहानपणीं, जवळपास पूल नव्हता तेव्हां, आम्ही अशाच दिवसांत नावेंतून तापी ओलांडीत होतों. मध्यधारेंत नाव आडवी होऊं लागली. नावेंतील एका शिकलेल्या गृहस्थांनीं सुकाणूं पुरतें वळविण्याचा आग्रह धरिला. नावाड्यानें तिकडे लक्ष दिलें नाहीं. त्यानें सोबत्यांस जोरानें वल्हीं मारावयास सांगितलें, सुकाणूं किंचित् वळविलें, आणि नाव सरळ झाली. आम्हांस तो त्याचा हट्ट वाटला. त्यांतलें शास्त्र पुष्कळ वर्षांनीं कळलें, व तेंहि समुद्रावरच्या एका खेळामुळें.

आमचा एक भाचा गोव्यास सर्फिंग शिकून आला. फळीवर उभें राहून फुटत्या लाटेच्या उतारावरून घसरत जाण्याचा हा हवाई बेटांतला जुना खेळ. ऑलिंपिक सामन्यांत तो प्रथम २०२१ सालीं टोकिओच्या वेळीं आला. भाच्यानें आपली फळी ओसरीवर उलटी ठेविली, तेव्हां तिच्या शेपटाकडील तळास माशाच्या परांसारखीं तीन पातीं दिसलीं. एवढींशीं पातीं एवढ्या फळीस काय आवरणार, असें घरांत सर्वांनींच विचारलें.

पूर्वीं फळ्यांस पातीं नव्हतीं. त्या लाटेवर बाजूस घसरत, व स्वारास पाय पाण्यांत ओढून त्यांस वळवावें लागे. १९३५ सालीं टॉम ब्लेक या अमेरिकन गृहस्थानें हवाईंतील वाइकिकी येथें फळीच्या तळाशीं पातें बसविलें, आणि घसरणें थांबलें. १९८१ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसननें तीन पात्यांची रचना रूढ केली.

पात्याचें कार्य असें. पाणी पात्यावर समोरून आलें तर तें दोन्ही अंगांनीं सारखें निघून जातें. फळी थोडी तिरपी झाली कीं पातें पाण्यास एका बाजूस वळवितें, आणि पाणी उलट पात्यास दुसऱ्या बाजूस रेटतें. पक्ष्याचा पंख हवेंत जें करितो तेंच हें, फक्त आडव्या दिशेनें. पातें मागें असल्यामुळें हा रेटा शेपूट जागेवर आणितो. बाणास मागें पिसें लावितात तीं याचसाठीं.

येथें दोन नियम लक्षांत ठेवावे. पहिला कोनाचा. कोन लहान असेल तोंवर पाणी पात्यास धरून वाहतें. पातळ पात्याचा कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला कीं पाणी पाठीकडून सुटतें, भोंवरे उठतात, आणि रेटा वाढण्याऐवजीं ढासळतो. दुसरा वेगाचा. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. परंतु हा वेग पाण्याच्या मानानें मोजावयाचा, कांठाच्या मानानें नव्हे.

आतां नावाड्याचा हट्ट उलगडतो. प्रवाहाबरोबर नुसती वाहणारी नाव कांठावरून कितीहि वेगानें जातांना दिसली, तरी तिच्या सुकाणूंवरून पाणी जवळ जवळ वाहतच नाहीं. मग रेटा येणार कोठून? वल्हीं मारल्यानें नाव पाण्याहून पुढें गेली, आणि सुकाणूंस जीव आला. तें एकदम पुरतें वळविलें असतें तर पाणी सुटून नाव अधिकच आडवी झाली असती. गणितांत वेगाचा वर्ग आम्ही शिकलों होतों. पाण्यांत तो नावाड्यानेंच ओळखला होता.

मुलांस हें घरच्या होदांत दाखवावें. हातभर लांबट फळी ढकलून सोडा. ती लौकरच आडवी होऊं पाहील. मग मागच्या टोकास तळाशीं पत्र्याचा तुकडा उभा ठोका, व पुन्हां सोडा. जवळ मोठें माणूस मात्र असावें. आणि पुढें कधीं नावेंत बसण्याचा योग आला, तर सुकाणूंविषयीं उपदेश करण्यापूर्वीं वल्हीं चाललीं आहेत कीं नाहींत, हें आधीं पहावें.