युद्धपट मुलांना दाखवावा काय?

सुट्टीत मुले एकत्र जमली की रात्री कोणता चित्रपट लावावा, ही चर्चा घरोघरी होते. शाळेत दुसऱ्या महायुद्धाचा धडा शिकलेला एखादा मुलगा हमखास ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’चे नाव सुचवतो. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 1998 सालचा हा चित्रपट जगभर गाजला आणि त्याने पाच ऑस्कर पुरस्कार मिळवले. मग हरकत ती कोणती? आईवडिलांनी तो बहुधा पाहिलेला नसतो. त्यामुळे होकार असो वा नकार, तो अंदाजानेच दिला जातो. माल पारखल्याशिवाय सौदा न करणाऱ्या घरांत मुलांच्या मनात काय उतरणार, याचीही तशीच पारख व्हावयास हवी.

पडद्यावर नेमके काय आहे?

6 जून 1944 रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या. त्यांपैकी ओमाहा नावाच्या किनाऱ्यावरील संहार चित्रपटाच्या आरंभी सुमारे 25 मिनिटे चालतो. नौकेची फळी खाली पडताच पुढच्या रांगेतील सैनिक जागीच कोसळतात. एक जण स्वतःचा तुटलेला हात उचलून चालू लागतो. कोणी आईला हाका मारतो. लाटा लाल होतात. पुढे कॅप्टन मिलर आणि त्याचे सात सोबती रायन नावाच्या शिपायाच्या शोधात निघतात. रायनचे तीन भाऊ युद्धात कामी आले असल्याने उरलेल्या एका मुलाला तरी आईकडे परत पाठवावे, असा वरिष्ठांचा आदेश असतो. अमेरिकेतील नायलंड कुटुंबातील चार भावांच्या हकीकतीवर हे कथानक सैलपणे बेतलेले आहे. प्रत्यक्षात मृत समजला गेलेला त्यांपैकी एक भाऊ जपान्यांच्या कैदेतून जिवंत परतला.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र किनाऱ्यावरचा नाही. तो उत्तरार्धात, एका पडक्या घराच्या माडीवर घडतो. दोन सैनिकांच्या झटापटीत एक जण दुसऱ्याच्या छातीत हळूहळू सुरा रुतवतो आणि जिन्यावरचा त्याचा सोबती भीतीने गोठून रडत बसतो. हे दृश्य मोठ्यांनाही दीर्घकाळ विसरता येत नाही. शिवाय संवादांत शिवराळ भाषा भरपूर आहे.

शिक्का काय सांगतो, काय सांगत नाही

ब्रिटनने हा चित्रपट 15 वर्षांवरील प्रेक्षकांसाठी योग्य ठरवला. अमेरिकेत 17 वर्षांखालील मुलांना तो पालक किंवा अन्य प्रौढासोबतच पाहता येतो. आपल्याकडे 2023 च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’ या वर्गाचे 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन टप्पे केले. घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या सेवांना 2021 च्या नियमांनुसार 13 वर्षांवरील वर्गांसाठी पालकांच्या हाती कुलूप देणे बंधनकारक आहे. ही सोय उपयुक्त आहे आणि प्रत्येक घराने ती वापरावी. परंतु शिक्का वय सांगतो, हेतू सांगत नाही. ज्यात नायक हसतखेळत शंभर जणांना लोळवतो आणि कोणालाही वेदना होत नाही, असे चित्रपट लहानांसमोर सर्रास चालतात. मरण इतके सोपे दाखवणे हेही एक प्रकारचे असत्यच नव्हे काय?

अनुमोदनेची कसोटी

हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तिन्ही प्रकारे घडते, ही शिकवण या मासिकाच्या वाचकांना नवी नाही. चित्रपट पारखण्याची कसोटीही तीच ठरते: रक्त किती सांडले यापेक्षा, पाहणाऱ्याने त्या हिंसेला मनोमन संमती दिली काय, हे पाहावे.

या कसोटीवर ‘रायन’ बहुतांशी उतरतो. हात वर करून शरण आलेल्यांना आपल्याच बाजूचे सैनिक गोळ्या घालून हसतात, हे तो लपवत नाही. मिलर हा मुळात शाळामास्तर. त्याचा हात वारंवार थरथरतो. पण एक धोका उरतो. मिलर एका जर्मन कैद्याला दया दाखवून सोडून देतो. तोच कैदी पुढे परत येतो आणि त्याच्याच गोळीने मिलर घायाळ होतो. अखेर, ज्या सैनिकाने त्या कैद्यासाठी रदबदली केली होती तोच त्याला हात वर असताना ठार करतो. ‘दया दाखवणे हा मूर्खपणाच होता,’ असा निष्कर्ष कोवळे मन येथे सहज काढते. रक्ताच्या दृश्याने झोप उडते, ती काही रात्रींनी परत येते. हा निष्कर्ष मात्र आयुष्यभर सोबत राहू शकतो. त्या क्षणी शेजारी वडीलधारे माणूस हवे, ते यासाठी. तेव्हा उपदेश नको. ‘सोडताना मिलरचे चुकले काय?’ एवढा एक प्रश्न पुरे.

निर्णय

तेरा वर्षांखालील मुलांना हा चित्रपट दाखवू नये. तेरा ते पंधरा या वयात घाई करण्याचे कारण नाही. सोळा वर्षांनंतर तो पालकांसोबत, शक्यतो दिवसा पाहावा. आरंभीच्या 25 मिनिटांची कल्पना आधी द्यावी. ‘आता पुरे’ म्हणणाऱ्याला भित्रा ठरवू नये. घरात नुकतेच दुःख घडले असेल, किंवा मूल हळवे असेल, तर थांबावे. मोबाइलवर एकट्याने पाहण्यास मात्र स्पष्ट नकार असावा.

घाई असेलच, तर एक प्रसंग लहानांनाही दाखवता येईल. रायनची आई स्वयंपाकघरात भांडी विसळत असते. खिडकीतून तिला दुरून येणारी सरकारी मोटार दिसते. ती दाराशी येते, मोटारीतून उतरणाऱ्या धर्मगुरूला पाहते आणि ओसरीवरच खाली बसते. या प्रसंगात रक्ताचा थेंबही नाही. तरीही युद्ध म्हणजे काय, हे मुलांना त्यातून पुरेसे कळते.