बंब येतो, आग लागते!

आग लागली की बंब येतो, हा जगाचा रिवाज. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये सगळं उलटं आहे. तिथे आधी बंब येतो, मग आग लागते! पुस्तक बाळगणं हा गुन्हा, आणि सापडलेली पुस्तकं जाळणं ही फायरमनची ड्यूटी. १९५३ साली आलेली ही अमेरिकन कादंबरी सेन्सॉरशिपची म्हणून प्रसिद्ध आहे. पण तिच्यातली पात्रं नीट पाहिली, तर ब्रॅडबरींचा रोख सरकारपेक्षा घराघरातल्या माणसांवर जास्त दिसतो. लोकांनी वाचणं आधी सोडलं, काडी नंतर पेटली.

दहा सेंट टाका, अर्धा तास लिहा

घरात मूल लहान, ऑफिस भाड्याने घ्यायला पैसे नाहीत. ब्रॅडबरींनी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या पॉवेल लायब्ररीचं तळघर गाठलं. तिथे नाणं टाकून चालणारे टाइपरायटर होते, दर अर्ध्या तासाला दहा सेंट. ‘द फायरमन’ हा पहिला खर्डा नऊ दिवसांत आणि ९ डॉलर ८० सेंटमध्ये झाला, असं ते सांगत. हिशेब केला तर ४९ तास! पुस्तकं जाळणाऱ्यांची ही गोष्ट जन्मली ती पुस्तकांच्या कपाटांखाली.

४५१चा आकडा आला कुठून?

कागद किती तापमानाला पेट घेतो, हे ब्रॅडबरींनी आधी विद्यापीठांच्या विज्ञान विभागांना विचारलं. उत्तर मिळेना. शेवटी त्यांनी थेट अग्निशमन दलालाच फोन लावला आणि ४५१ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३३ अंश सेल्सियस, हा आकडा मिळाला. प्रत्यक्षात सगळ्या कागदांना लागू पडेल असं एकच तापमान नसतं. कागदाचा प्रकार, जाडी, ओलावा यांवर ते बदलतं. पण ‘साधारण ४२५ ते ४७५’ असं मुखपृष्ठावर छापलं असतं, तर कोणी हात लावला असता?

कागद आणि पेन्सिल

नायक गाय मोंटॅग, आणि त्याला वाचायला शिकवणारा निवृत्त प्राध्यापक फेबर. पुस्तक छापून झाल्यावर बऱ्याच काळाने ब्रॅडबरींच्या लक्षात आलं की मोंटॅग नावाची एक कागद बनवणारी कंपनी आहे आणि फेबर तर पेन्सिलींचं जगप्रसिद्ध नाव! आपण हे ठरवून केलं नव्हतं, असं ते म्हणत. जुळलं मात्र झकास. मोंटॅग कोरा आहे आणि फेबर त्याच्या कानात बसवलेल्या चिमुकल्या यंत्रातून त्याला एकेक गोष्ट समजावतो.

सर्वांत जास्त वाचलेला माणूस कोण? खलनायक!

फायरमनांचा साहेब कॅप्टन बिटी बोलायला लागला की पुस्तकांतल्या ओळींची सरबत्ती सुरू होते. जाळणाऱ्यांमध्ये सर्वांत बहुश्रुत तोच. कादंबरीची किल्लीही त्याच्याच हाती आहे. तो मोंटॅगला सांगतो की सुरुवातीला वरून कसलाही हुकूम आला नव्हता. आधी अभिजात ग्रंथांचे पंधरा मिनिटांचे रेडिओ कार्यक्रम झाले, मग दोन मिनिटांत वाचून होणारे सारांश, शेवटी शब्दकोशातल्या दहा-बारा ओळी. त्यातच, कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून एकेक पान गळत गेलं. गाईडवर परीक्षा काढलेल्यांनी हा भाग मान खाली घालून वाचावा. पुढे ब्रॅडबरींनी या कादंबरीचं नाटक केलं, तेव्हा बिटीच्या घरात भलंमोठं ग्रंथालय दाखवलं. पुस्तकं बाळगणं गुन्हा नाही, वाचणं गुन्हा आहे, अशी साहेबांची पळवाट!

मिल्ड्रेडला हवी चौथी भिंत

मोंटॅगच्या बायकोच्या दिवाणखान्यात तीन भिंतींएवढे टीव्ही आहेत, तिला चौथा हवाय. किंमत दोन हजार डॉलर, म्हणजे नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. पडद्यावरच्या पात्रांना ती ‘कुटुंब’ म्हणते. शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याची पहिली भेट कुठे झाली, हे मात्र तिला आठवत नाही. कानात सदैव शिंपल्याएवढा रेडिओ. हे लिहिलं गेलं तेव्हा अमेरिकेत टीव्ही नुकता घराघरात शिरत होता, आणि इअरबड्स यायला अर्धं शतक अवकाश होता. नवऱ्याने पुस्तकं लपवल्याची तक्रार करणाऱ्यांत मिल्ड्रेडही आहे. या कादंबरीतला सेन्सॉर असा घरातच जेवायला बसतो.

पायी चालता? मग संशयित!

चंद्र बघणारी, प्रश्न विचारणारी सतरा वर्षांची क्लॅरिस मोंटॅगला पहिल्यांदा हलवते. तिच्या काकांना एकदा पायी फिरतात म्हणून अटक झालेली असते. ही कल्पना हवेतून आलेली नाही. लॉस एंजेलिसमध्ये मित्राबरोबर रात्री पायी चाललेल्या ब्रॅडबरींना पोलिसाने हटकलं होतं. त्यातून आधी ‘द पेडेस्ट्रियन’ ही कथा झाली आणि मग या कादंबरीकडे जाणारी वाट. गाडी चालवायला ते स्वतः आयुष्यभर शिकले नाहीत, हे विशेष.

पाठलाग, थेट प्रक्षेपण

फायर स्टेशनवर आठ पायांचा यांत्रिक कुत्रा आहे. वासावरून माणूस शोधायचा आणि नाकातल्या सुईने भूल टोचायची, हे त्याचं काम. मोंटॅग पळतो तेव्हा पाठलाग टीव्हीवर थेट दाखवतात. तो निसटतो, पण प्रेक्षक कंटाळतील ना! म्हणून रस्त्यात फिरायला निघालेल्या दुसऱ्याच माणसाला मारून ‘मोंटॅग संपला’ असं जाहीर होतं. ब्रेकिंग न्यूज पूर्ण, प्रेक्षक खूश.

बिचारा फ्रँकलिन

फायरमनांच्या नियमपुस्तकात लिहिलंय की दलाची स्थापना १७९० सालची, इंग्रजी वळणाची पुस्तकं जाळण्यासाठी. आणि पहिला फायरमन बेंजामिन फ्रँकलिन. खरा इतिहास पाहा. फ्रँकलिनने १७३१मध्ये फिलाडेल्फियात वर्गणीवर चालणारं ग्रंथालय काढलं आणि १७३६मध्ये आग विझवणारं दल. १७९०मध्ये तर तो वारला! इतिहास जाळण्यापेक्षा नव्याने छापणं सोपं, हे ब्रॅडबरींनी दोन ओळींत दाखवलं.

चांगली माणसंही जाळतात

शेवटी मोंटॅगला भेटतात रानात राहणारी ‘पुस्तक-माणसं’. एकेकाने एकेक ग्रंथ पाठ केलाय. मोंटॅगच्या वाट्याला बायबलमधलं ‘एक्लेझिअ‍ॅस्टिस’ येतं. गंमत म्हणजे पकडलं जाऊ नये म्हणून हेही लोक पाठ झालेलं पुस्तक जाळून टाकतात. इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांच्या तोंडी तरली, ही कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही युक्ती अजिबात परकी वाटणार नाही.

झटपट तीन

• पहिल्या आवृत्तीच्या २०० प्रती अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये बांधल्या होत्या. आगीपासून सुरक्षित, फुफ्फुसांचं काय, ते कोणी विचारलं नाही.

• फ्रान्स्वा त्रुफोच्या १९६६च्या चित्रपटात श्रेयनामावली पडद्यावर दिसत नाही, बोलून दाखवतात. ज्या जगात वाचायला बंदी, तिथे अक्षरं कशाला? क्लॅरिस आणि बायको या दोन्ही भूमिका ज्युली ख्रिस्तीने केल्या.

• वेबपान सापडलं नाही की ४०४. कायद्याच्या कारणाने ते अडवलं असेल, तर ४५१! हा क्रमांक २०१५मध्ये मंजूर झाला, आणि तो या कादंबरीवरूनच घेतलाय.

आणि कात्री चालली तिच्यावरच

१९६७मध्ये बॅलंटाइन या प्रकाशकाने शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली. ‘हेल’, ‘डॅम’, गर्भपाताचा उल्लेख, सगळं साफ. दारू प्यायलेला माणूस ‘आजारी’ झाला. एकूण ७५ ठिकाणी बदल, लेखकाला पत्ता नाही. १९७३पासून तर बाजारात फक्त हीच सोवळी प्रत मिळू लागली, आणि सेन्सॉरशिपवरची सेन्सॉर केलेली कादंबरी वर्षानुवर्षं वर्गात शिकवली गेली! कोणत्याही सरकारने सांगितलं नव्हतं. बिटी म्हणतो अगदी तसंच झालं. चोरी पकडली ती विद्यार्थ्यांनी. त्यांनी पत्रं लिहून ब्रॅडबरींना कळवलं, ते खवळले, आणि मूळ मजकूर परत आला. तेव्हा रद्दीच्या दुकानात सत्तरच्या दशकातली प्रत मिळाली, तर घेण्याआधी जरा चाळून बघा. सगळे शुद्धीवर आणि सभ्य बोलत असतील, तर ती कात्री लागलेली. तीच घ्या, आणि शेजारी पूर्ण प्रत ठेवून वाचा.