पवनीच्या टेकडीखाली बायकांची नावं

मैत्रिणींनो, वैनगंगेकाठच्या आपल्या पवनीत जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्यानं तिथं उत्खनन केलं. आत दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला.

स्तूपाच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत बायकाही आहेत. आपल्या गटाच्या वर्गणीसारखंच, अनेकांच्या हातांनी हे काम उभं राहिलं.

कोणती वस्तू मातीच्या कोणत्या थरात सापडली, त्यावरून तिचा काळ कळतो. जुनी वीट चुलीला लावली, कोरीव दगड पायरीला नेला, की ही खूण पुसली जाते. म्हणून शेतात, टेकाडावर असं काही दिसलं तर हलवू नका. ग्रामपंचायतीला आणि तहसील कार्यालयाला कळवा. त्या दगडावर आपल्यासारख्याच एखादीचं नाव असेल.