शत्रूच्या कृपेने मिळणारे घर

पोपट म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर हिरवा रंग, लाल चोच आणि पेरूची फोड येते. आता असा पोपट डोळ्यांपुढे आणा, की जो चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे एक मीटर लांब आहे, वजनाने दीड किलोच्या आसपास आहे आणि ज्याचे सारे अंग गर्द निळे आहे. डोळ्यांभोवती आणि चोचीच्या बुडाशी तेवढी पिवळीजर्द कातडी. हा दक्षिण अमेरिकेतील हायसिंथ मकाव. आपण त्याला नील मकाव म्हणू. उडणाऱ्या पोपटांत याच्याहून मोठा दुसरा नाही. (न्यूझीलंडचा काकापो वजनाने भारी असतो खरा, पण त्याला उडता येत नाही.)

नील मकाव मोठ्या संख्येने आढळतो तो ब्राझीलमधील पँटानल या प्रचंड पाणथळ प्रदेशात. तेथे त्याचे अन्न म्हणजे मुख्यतः अकुरी आणि बोकायूवा या दोन ताडवर्गीय झाडांच्या बिया. त्यांचे कवच इतके टणक, की आपल्याला ते हातोडीनेच फोडावे लागेल. मकाव बी पायात धरतो, चोचीत फिरवून नेमकी जागा शोधतो आणि कडकन फोडतो. बी निसटू नये म्हणून तो कधी कधी पानाचा किंवा लाकडाचा तुकडाही चोचीत आधाराला घेतो. अकुरीच्या फळावरचा गर काढण्याची तसदी मात्र तो सहसा घेत नाही. ते काम गुरे करतात! गुरे फळे खातात, गर पचवतात आणि स्वच्छ बिया टाकून देतात. त्यामुळे गुरांच्या वाड्यांजवळ मकावांचे थवे जमिनीवर उतरलेले दिसतात.

असा हा बलदंड पक्षी, पण घराच्या बाबतीत पुरता परावलंबी! पँटानलमध्ये त्याची दहापैकी नऊ घरटी मंदुवी या एकाच जातीच्या झाडाच्या ढोलीत असतात. मंदुवी आपल्या कांडोळाची भावकी. दोन्ही झाडे स्टर्क्युलिया याच प्रजातीतील. तिचे लाकूड मऊ असते. फांदी मोडली, वाळवी लागली किंवा सुताराने टोचले की पोकळी पडते आणि मकाव ती चोचीने कोरून मोठी करतो. पण एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली होण्यासाठी झाड निदान ६० वर्षांचे व्हावे लागते. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि पुष्कळदा एकच पिल्लू जगते. ते उडू लागायला साडेतीन महिने लागतात.

आता खरी गंमत पाहा. मंदुवीच्या बिया दूरवर पसरवतो कोण? मुख्यतः टोको टूकन, तो मोठ्या नारिंगी चोचीचा पक्षी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या बियांच्या प्रसारापैकी सुमारे ८३ टक्के वाटा त्याचा आढळला. आणि मकावची अंडी खाणाऱ्यांत पहिला नंबर कोणाचा? त्याच टूकनचा! भक्ष्य झालेल्या अंड्यांपैकी निम्म्याहून अधिक त्याच्या पोटात गेली होती. मग मकाव वाचवायचे म्हणून टूकनला हाकलावे काय? हाकलले तर आजची अंडी वाचतील, पण उद्याच्या ढोल्या जातील. गुरांचेही तसेच. ती मकावला बिया सोलून देतात आणि मंदुवीची रोपे खाऊन, तुडवून टाकतात.

माणसाचा हिशेब याहून सरळ, आणि वाईट. १९८०च्या दशकात पिंजऱ्यांच्या व्यापारासाठी सुमारे १०,००० नील मकाव पकडले गेले, असा अंदाज आहे. १९८७ मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. १९९० मध्ये जीवशास्त्रज्ञ नेइवा गेदेस यांनी पँटानलमध्ये या पक्ष्यांसाठी प्रकल्प सुरू केला. त्यांचे सहकारी दोराने झाडांवर चढून पिल्ले तपासतात, ढोल्यांची डागडुजी करतात आणि लाकडी पेट्या टांगतात. मकावांनी त्या पेट्या स्वीकारल्या! संख्या वाढली आणि २०१४ मध्ये ही जात ‘संकटग्रस्त’ वर्गातून त्याहून कमी धोक्याच्या ‘असुरक्षित’ वर्गात आली. नंतर २०२०च्या वणव्यांत पँटानलचा फार मोठा भाग जळाला.

पेटी एका दिवसात टांगता येते. पण टूकनने टाकलेल्या बीपासून यंदा रुजलेल्या मंदुवीत मकावला ढोली मिळेल ती २०८५ नंतरच. तेव्हा तुम्ही पंच्याहत्तरीच्या घरात असाल.