एम. फार्म. (आयुर्वेद) : अभ्यासक्रम भट्टीपासून आखावा

आयुर्वेदीय औषधनिर्माणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कसा असावा, हा प्रश्न वरकरणी विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांचा वाटतो. परंतु त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणारा विद्यार्थी उद्या ज्यांच्या कारखान्यात उभा राहणार ते फार्मसीचालक, आणि त्याने सिद्ध केलेले औषध ज्यांच्या हातून रुग्णापर्यंत जाणार ते वैद्य, या दोघांचा त्याच्याशी अधिक निकटचा संबंध आहे. म्हणून तो आम्ही या पानांवर मांडीत आहोत.

आज या क्षेत्रात येण्याच्या दोन रुळलेल्या वाटा आहेत. बी.ए.एम.एस. झालेला वैद्य रसशास्त्र व भैषज्यकल्पना या विषयात तीन वर्षांची एम.डी. करतो, हे शिक्षण पूर्वी केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या व २०२१ पासून राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या नियमांनी चालते. दुसरीकडे बी. फार्म. झालेला विद्यार्थी दोन वर्षांची, चार सत्रांची एम. फार्म. करतो. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४ च्या नियमावलीत या पदवीच्या अनेक शाखा आहेत, पण आयुर्वेदीय औषधनिर्माण अशी स्वतंत्र शाखा नाही. फार्माकॉग्नसीच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या सत्रात भारतीय चिकित्सा पद्धतींची एक प्रश्नपत्रिका असते, एवढेच. पहिल्याला शास्त्र ठाऊक असते, पण शंभर लिटरची वाफेवरची कढई त्याने बहुधा सहलीतच पाहिलेली असते. दुसऱ्याला क्रोमॅटोग्राफीचा आलेख वाचता येतो, पण 'चतुर्गुण द्रव' म्हणजे कशाच्या चौपट, हे विचारल्यास तो गप्प होतो. या दोहोंमधला सांधा म्हणून जामनगरने एम. फार्म. (आयुर्वेद) ही पदवी सुरू केली. तेथील संस्था २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेत विलीन झाली आहे. अशी पदवी आणखी ठिकाणी निघावी असे आम्हांस मनापासून वाटते. मात्र ती आखताना एक मोह टाळला पाहिजे.

तो मोह म्हणजे विषयांची यादी करण्याचा. एका सत्रात रसशास्त्र, दुसऱ्यात विश्लेषण, तिसऱ्यात कायदा, आणि शेवटी प्रबंध. प्रत्येक विषयाला निराळा अध्यापक. हे विषय एकमेकांना कोठे मिळतात ते विद्यार्थ्याने स्वतः शोधावे. तो शोधत नाही, कारण परीक्षा ते विचारीत नाही. आमची सूचना अशी की अभ्यासक्रमाचा कणा विषयांचा न ठेवता कल्पांचा ठेवावा. क्वाथ, स्नेह, संधान आणि रसकल्प अशा चार कल्पना घ्याव्यात, आणि प्रत्येकीत कच्च्या द्रव्याच्या खरेदीपासून लेबलापर्यंतचा सर्व व्यवहार विद्यार्थ्याच्या हातून घडवावा.

क्वाथाचेच पाहा. शार्ङ्गधराच्या परिभाषेप्रमाणे भरड द्रव्याच्या सोळापट पाणी घालून अष्टमांश उरवावयाचे. वर्गात हे एका वाक्यात संपते. पण ५० किलो भरड घेतली की ८०० लिटर पाणी लागते आणि उरवावयाचे १०० लिटर. म्हणजे ७०० लिटर पाण्याची वाफ करावयाची आहे. घरच्या पातेल्यात जो काढा तासाभरात होतो, त्याला येथे किती वेळ लागेल? पात्र मोठे होते तेव्हा आकारमान ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात पृष्ठभाग वाढत नाही, म्हणून आटण्याचा वेळ लांबतो आणि द्रव्य उष्णतेत अधिक काळ राहते. सुगंधी, उडून जाणारा अंश असलेल्या द्रव्यांचे त्यात काय होते? मंदाग्नी म्हणजे वाफेच्या कढईवर किती दाब? तेव्हा एकच क्वाथ दोन किलोवर आणि पन्नास किलोवर करून दोहोंतील एकूण विद्राव्य घनांश मोजावयास लावावा, आणि तफावत आली तर तिचे कारण लिहावयास लावावे. या एका प्रयोगात शास्त्र, अभियांत्रिकी आणि विश्लेषण तिन्ही येतात, आणि कोणत्याही पाठ्यपुस्तकातून उत्तर उतरवून काढता येत नाही.

याच सत्रात मानपरिभाषा पक्की व्हावी. आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियाने तोळा १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम आणि प्रस्थ ७६८ ग्रॅम असे रूपांतर स्वीकारले आहे. प्रश्न उरतो तो द्रवद्वैगुण्याचा. कुडव व त्यापुढील मानात द्रव दुप्पट घ्यावा, हा नियम एका कारखान्याने पाळला आणि दुसऱ्याने नाही, तर एकाच नावाची दोन तेले बाजारात वेगवेगळ्या बलाची येतात. वैद्य मात्रा बदलून पाहतो, रुग्णाला दोष देतो, आणि कारण असते गणितात. आमच्या मते या विषयावरील उदाहरणे न सुटल्यास विद्यार्थ्याला पुढच्या सत्रात जाऊ देऊ नये.

कच्च्या द्रव्याची ओळख वाळवलेल्या नमुन्यांच्या बरण्यांवर शिकवू नये. विद्यार्थ्याला बाजारात पाठवावे. वावडिंग मागावे आणि मिळालेले फळ एम्बेलिया रायबीसचे आहे की त्याच कुळातील दुसऱ्या जातीचे, ते सूक्ष्मदर्शकाखाली ठरवावे. नागकेशर मागावे, आपल्याकडे मेसुआ फेरियाऐवजी सुरंगीच्या कळ्या 'तांबडा नागकेशर' म्हणून हाती येतात. ब्राह्मी तर वादाचाच विषय. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी वापरली जाते, तर फार्माकोपियाची ब्राह्मी म्हणजे बॅकोपा. अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळलेली ओळखणे हे याच परीक्षेतले सोपे गणित समजावे. खरेदीची पावती, नमुन्याची नोंद आणि नाकारलेल्या मालाचे कारण ही त्याची पहिली प्रात्यक्षिक वही.

स्नेहपाकात कल्क, स्नेह व द्रव यांचे १ : ४ : १६ हे प्रमाण सर्वांस ठाऊक आहे, मृदु, मध्यम व खर पाक ओळखणे हे मात्र बोटांचे ज्ञान आहे. कल्काची वात वळते का, अग्नीत टाकल्यास तडतडते का, तेलावर फेस येतो का आणि तुपावरचा फेस शमतो का, हे पाहताना त्याच क्षणाचे तापमान आणि ओलावा नोंदवून ठेवावा. संधानातही तसेच : धायटीची फुले घालून मुख बंद केलेल्या पात्रात जळती काडी विझते तोवर क्रिया चालू, काडी जळत राहिली की क्रिया संपली, ही जुनी खूण, तिच्या जोडीला साखर व मद्यार्काचे मापन.

रसकल्पांचे सत्र सर्वांत अवघड. त्याबाबत आम्ही थोडे स्पष्ट बोलू इच्छितो. २००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा अर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ उत्पादनांपैकी सुमारे एकपंचमांशाबाबत तोच निष्कर्ष आला. दरम्यान निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. शिसे १०, अर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा आता प्रत्येक फार्मसीचालकाला पाठ आहेत. आपल्या सभांमधून यावर दोनच सूर निघतात : हा सर्व कट आहे, किंवा रसौषधी बंदच कराव्यात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन्ही सुरांत आश्रय मिळता कामा नये.

त्याला हे सांगता आले पाहिजे की ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनच्या यंत्रात नमुना आम्लात विरघळवून एकूण धातू मोजला जातो. तो मूळ कोणत्या संयुगाच्या रूपात होता हे तो आकडा सांगत नाही. रससिंदूर हे पाऱ्याचे गंधकाशी झालेले संयुग आहे, आणि ते एक्स-रे डिफ्रॅक्शनने दाखविता येते. निरुत्थ व अपुनर्भव या परीक्षा मोकळा धातू उरला आहे का हेच पाहतात, वारितर व रेखापूर्णत्व सूक्ष्मता पाहतात. पण त्याच दमात त्याने हेही कबूल केले पाहिजे की संयुग आहे म्हणून ते निर्धोक आहे असे यापैकी कोणतीही परीक्षा सिद्ध करीत नाही. त्यासाठी विषशास्त्रीय अभ्यास व रुग्णांच्या नोंदी लागतात. आणि निव्वळ वनस्पतिज चूर्णात शिसे निघाले, तर तेथे शास्त्राचा बचाव करण्यासारखे काहीच नाही. ते मातीतून आले, दळण्याच्या यंत्रातून की पात्रातून, याचा माग काढणे हे औषधनिर्मात्याचे काम आहे. असा माग काढण्याची एक परीक्षा आम्ही या सत्रात अवश्य ठेवू.

कायद्याला स्वतंत्र प्रश्नपत्रिका नको. कलम ३ (अ) चे शास्त्रोक्त औषध आणि ३ (ह) चे पेटंट वा प्रोप्रायटरी औषध यांतील भेद, २००० साली आलेली अनुसूची टी, २०१० चा नियम १५८ ब आणि मुदतीविषयीचा १६१ ब, हे सर्व त्या त्या कल्पाच्या लेबलावर शिकवावे. शार्ङ्गधर चूर्णाला दोन महिने देतो आणि नियम त्याच्या कितीतरी पट मुदत देतो; मधल्या काळात चूर्णात काय बदलते, हे विद्यार्थ्यानेच बरणीत ठेवून पाहावे. (अनुसूची टी मधील स्वतंत्र विभागांची कल्पना परकी मानणाऱ्यांनी रसरत्नसमुच्चयातील रसशाळेचे वर्णन पुन्हा वाचावे. तेथे अग्निकर्म, धुणे, सुकविणे व साठविणे यांना वेगवेगळ्या दिशा नेमून दिलेल्या आहेत.)

राहिला प्रबंध. एखाद्या चूर्णाचे भस्ममूल्य व विद्राव्यांश काढून 'प्रमाणीकरण' केल्याचे प्रबंध ग्रंथालयांतून पुष्कळ झाले. त्याऐवजी शेवटचे सत्र चालू कारखान्यात जावे, आणि सलग बॅचेसच्या नोंदी व त्यांतील फरकांची मीमांसा हाच प्रबंध मानावा. येथे आमची मागणी फार्मसीचालकांकडे आहे. पदवीधर कामाचे नसतात अशी तक्रार आपण करतो, आणि विद्यार्थी दारात आला की सूत्र बाहेर जाईल म्हणून त्याला पॅकिंग विभागात बसवितो. शास्त्रोक्त कल्पांत गुपित कसले? प्रोप्रायटरी विभाग बंद ठेवा, पण क्वाथाची भट्टी, तेलाची कढई आणि संधानगृह त्याला उघडे करा. थोडे विद्यावेतन द्या. आणि अंतिम परीक्षेत बाह्य परीक्षक म्हणून आपल्याकडील अनुभवी निर्मिती-प्रमुखाला पाठवा. त्याने विद्यार्थ्यासमोर बिघडलेल्या अरिष्टाचे पात्र ठेवावे आणि एवढेच विचारावे, की हे का आंबले आणि याचे आता काय कराल.